फेराइटवाल्यांसाठी फुलप्रॉफ: काय मिळते, काय मिळत नाही

छत्रपती संभाजीनगरचे मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, आपल्याकडे भौतिकशास्त्रात पीएचडीला बसलेल्या मुलामुलींना विषय विचारला की ‘फेराइट’ (लोखंड आणि दुसऱ्या धातूचे चुंबकीय ऑक्साइड) हे उत्तर हमखास ऐकू येते. कारण उघड आहे. धातूंची नायट्रेट, सायट्रिक ॲसिड, अमोनिया, हॉट प्लेट आणि मफल फर्नेस एवढ्यावर सॅम्पल तयार होते. खरा प्रश्न पुढचा: एक्सआरडीची (क्ष-किरण विवर्तनाची) फाईल हातात आल्यावर तिचे करायचे काय? ३११ च्या (फेराइटच्या सर्वांत मोठ्या) पीकवरून ब्रॅगच्या नियमाने लॅटिस पॅरामीटर (स्फटिकाच्या एकक पेटीची, म्हणजे सेलची, बाजू) काढायचा, शेररच्या सूत्राने क्रिस्टलाइट साइज (स्फटिककणांचा आकार) काढायची आणि तक्ता भरायचा, ही पद्धत अजून सर्रास चालते. त्यात डेटातली बहुतेक माहिती वाया जाते आणि जी हाती लागते तीही कित्येकदा चुकीची असते. म्हणून फुलप्रॉफ सूट या सॉफ्टवेअरबद्दल, ते इथल्या लॅबमध्ये प्रत्यक्ष कसे चालते हे डोळ्यांपुढे ठेवून, सविस्तर लिहीत आहे.

फुलप्रॉफ म्हणजे रिटवेल्ड रिफाइनमेंटचा प्रोग्राम. ह्यूगो रिटवेल्ड यांनी १९६९ मध्ये न्यूट्रॉन डेटासाठी मांडलेली ही पद्धत एकेक पीक सुटे न पाहता सगळा पॅटर्न गणिताने उभा करते आणि मोजलेल्या बिंदूंशी जुळवते. हुआन रॉड्रिग्ज-कार्वाहाल यांनी लिहिलेला हा प्रोग्राम ग्रेनोबलच्या आयएलएल संस्थेच्या साइटवरून शैक्षणिक कामासाठी फुकट मिळतो. साध्या विंडोज लॅपटॉपवर चालतो आणि एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. हिंगोली किंवा भूमच्या कॉलेजात बसून, विद्यापीठातून पेन ड्राइव्हवर आणलेल्या फाईलवर काम करणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची आहे. सोबत ग्राफसाठी विनप्लॉटर, इनपुट फाईल लिहायला एडपीसीआर आणि सीआयएफ फाईलवरून (रचनेची माहिती असलेल्या) पीसीआर फाईल (फुलप्रॉफची इनपुट फाईल) बनवणारे छोटे टूल येते. रचनेचे चित्र काढायला मात्र त्यातल्या एफपी स्टुडिओपेक्षा मोम्मा आणि इझुमी यांचे व्हेस्टा वापरावे. पॉलिहेड्रा, बाँडची लांबी, बाँडचे कोन सगळे त्यात स्वच्छ मिळते आणि तेही फुकट आहे. सुरुवातीचे सीआयएफ क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवरून घ्यावे, त्याला वर्गणी लागत नाही.

इन्स्टॉल करताना सी ड्राइव्हवर त्याने स्वतः सुचवलेल्या फोल्डरमध्येच ठेवा. डेटाच्या फोल्डरच्या आणि फाईलच्या नावात मोकळी जागा नको, नाव छोटे ठेवा. ‘फायनल सॅम्पल न्यू २’ अशा नावांनी प्रोग्राम अडतो आणि नवशिक्याला वाटते की आपले रिफाइनमेंटच चुकले.

सॉफ्टवेअरपेक्षा आधी डेटाचे बोलू, कारण वाईट डेटावर कुठलेही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. सॅम्पल मोजायला देताना ‘२० ते ८०, नेहमीचे’ एवढेच सांगून देऊ नका. रिटवेल्डसाठी १५ ते १०० किंवा त्याहून पुढे टू-थीटा (विवर्तनाचा कोन, अंशांत) घ्यायला सांगा, स्टेप ०.०२ अंश, आणि वेळ असा की ३११ च्या माथ्यावर निदान १०,००० काउंट जमतील. १०,००० काउंटवर सांख्यिकी चूक १०० काउंट, म्हणजे १ टक्का. ३०० काउंटवर तीच जवळपास ६ टक्के. फाईल आकड्यांची मागा. पीडीएफ किंवा ग्राफचे चित्र निरुपयोगी असते. काही मशीनची मूळ फाईल बायनरी असते, ती पॉवडीएलएल नावाच्या फुकट टूलने दोन स्तंभांच्या एक्सवाय फाईलमध्ये बदलता येते. पीसीआरमध्ये अशा फाईलसाठी इन्स्ट्रमचा (डेटाच्या फॉरमॅटचा) आकडा १० ठेवायचा.

दुसरी अडचण खास आपल्या फेराइटची. कॉपर के-अल्फाची (मशीनमधल्या क्ष-किरणांची) ऊर्जा ८.०४ केईव्ही आहे. लोखंडाची के-एज (ज्या ऊर्जेपासून पुढे ते क्ष-किरण जोरात शोषते) ७.११ वर, कोबाल्टची ७.७१ वर. दोन्ही खाली असल्याने दोन्ही धातू फ्लुओरेसन्स (स्वतःचे क्ष-किरण) देतात आणि बॅकग्राउंड उंच उचलले जाते. निकेलची एज ८.३३ वर, म्हणून निकेल स्वतः त्रास देत नाही, पण निकेल फेराइटमधले लोखंड देतेच. ट्यूबसमोरचा निकेल फिल्टर याला थांबवत नाही. डिफ्रॅक्टेड बीममधला ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर किंवा ऊर्जा ओळखणारा डिटेक्टर लागतो. मशीन कुठले आहे हे सॅम्पल देण्यापूर्वीच विचारा.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणाला कोबाल्ट फेराइट घेऊ. सोल-जेल ऑटो-कम्बशनने ५ ग्रॅम करायचे तर कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ६.२० ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १७.२२ ग्रॅम आणि धातू-सायट्रिक प्रमाण १:१ धरले तर सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट १३.४ ग्रॅम. फेरिक नायट्रेट पाणी ओढते. पावसाळ्यात उघडझाप झालेल्या बाटलीतून १७.२२ ग्रॅम घेतले तरी त्यात लोखंड कमी येते, कोबाल्ट उरतो आणि कोबाल्ट ऑक्साइडची (Co₃O₄) वेगळी फेज दिसते. उलट बाजूला, लोखंड जास्त झाले की हेमाटाइट (लोखंडाचे ऑक्साइड).

हेमाटाइट ओळखणे सोपे आहे: ३३.१५ अंशावर फेराइटचे कुठलेच पीक नसते. कोबाल्ट ऑक्साइड मात्र लपून बसते. तेही फेराइटसारखे स्पिनेल रचनेचेच आहे, स्पेस ग्रुप (सिमेट्रीचा प्रकार) तोच, फक्त लॅटिस पॅरामीटर ८.०८ अँगस्ट्रॉम. त्याचे सर्वांत मोठे पीक ३६.८ वर, फेराइटच्या २२२ ला खेटून. म्हणून ५९.४ आणि ६५.२ वर पाहा. फेराइटची तिथली पीक ५७ आणि ६२.६ ला असतात, त्यामुळे वेगळे कळते. फुलप्रॉफमध्ये ही दुसरी फेज घालून वजनाचे टक्के काढता येतात, पण एटीझेडचा (सेलमधल्या एककांची संख्या गुणिले रेणुभार) आकडा प्रत्येक फेजला बरोबर हवा: कोबाल्ट फेराइटला ८ गुणिले २३४.६, म्हणजे १८७७. हेमाटाइटला ६ गुणिले १५९.७, म्हणजे ९५८. हा चुकला की टक्के चुकतात आणि फिट मात्र सुंदरच दिसत राहतो.

थेट रिटवेल्डवर उडी मारू नका. आधी ले-बेल फिट (अणूंच्या जागा न घालता फक्त पीक जुळवणे) करा: फेजच्या जेबीटीचा आकडा २ ठेवायचा, स्केल फॅक्टर रिफाइन करायचा नाही, आणि फक्त सेल, प्रोफाइल व बॅकग्राउंड जुळवायचे. हे जमले की रचना घालायची, जेबीटी ० करायचा आणि स्केल सोडायचा. त्यानंतरचा माझ्या मते सुरक्षित क्रम असा: स्केल, सॅम्पल डिस्प्लेसमेंट, बॅकग्राउंड, लॅटिस पॅरामीटर, प्रोफाइलमध्ये आधी डब्ल्यू आणि मग बाकीचे, त्यानंतर ऑक्सिजनचा यू (त्याची जागा ठरवणारा आकडा), शेवटी बी-आयसो (अणूंच्या थरथरीचा आकडा). एका वेळी एकदोनच. सगळे एकदम सोडले की ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ किंवा ‘निगेटिव्ह हाफविड्थ’चा संदेश येतो. पहिल्याचा अर्थ, एकाच गोष्टीसाठी दोन पॅरामीटर भांडत आहेत. दुसऱ्याचा अर्थ, प्रोफाइलचे यू-व्ही-डब्ल्यू (हा यू ऑक्सिजनचा नव्हे) मिळून कुठल्यातरी कोनावर पीकची रुंदी ऋण झाली आहे. अशा वेळी मागच्या पायरीवर परत या. आणि इथेच या प्रोग्रामचा मोठा दोष सांगायला हवा: रन संपला की तो पीसीआर फाईलवर नवे आकडे लिहून टाकतो. चुकीचा रन झाला तर चांगली फाईल गेली. प्रत्येक पायरीनंतर पीसीआरची प्रत वेगळ्या नावाने ठेवणे ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

डिस्प्लेसमेंटबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथल्या कामात सर्वांत जास्त नुकसान याच एका गोष्टीने होते. होल्डरमध्ये भुकटी भरताना पृष्ठभाग ०.१ मिलिमीटर खाली राहिला, तर २४० मिलिमीटर त्रिज्येच्या गोनिओमीटरवर पीक सुमारे ०.०४५ अंश डावीकडे सरकते. एकट्या ३११ वरून लॅटिस पॅरामीटर काढला तर तो जवळपास ०.०१ अँगस्ट्रॉमने वाढलेला निघतो. आता कोबाल्ट फेराइट ८.३९ आणि निकेल फेराइट ८.३४, म्हणजे पूर्ण कोबाल्ट काढून पूर्ण निकेल घातले तरी फरक ०.०५ चा. ०.२ च्या टप्प्याने मालिका केली तर दर टप्प्याला फरक ०.०१. म्हणजे होल्डर भरण्यातली चूक आणि डोपिंगचा परिणाम एकाच मापाचे! प्रबंधांतली कितीतरी ‘व्हेगार्डच्या नियमापासूनची विचलने’ (या नियमाने लॅटिस पॅरामीटर डोपिंगच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलतो) अशीच जन्माला येतात. फुलप्रॉफमध्ये झिरो शिफ्ट (कोनाच्या शून्याची चूक) मशीनच्या स्टँडर्डवरून ठरवून बंद ठेवा आणि सायकॉस हा डिस्प्लेसमेंटचा पॅरामीटर रिफाइन करा. दोन्ही एकदम सोडले तर कमी कोनांच्या टप्प्यात ते एकमेकांत मिसळतात. निव्वळ या एका सोयीसाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

स्पिनेल भरताना दोन खड्डे आहेत. एक म्हणजे ओरिजिन. एफडी-३एम या स्पेस ग्रुपचे दोन ओरिजिन आहेत. दुसऱ्या ओरिजिनमध्ये ए जागा (चार ऑक्सिजनांमधली धातूची जागा) १/८, १/८, १/८ वर, बी जागा (सहा ऑक्सिजनांमधली) १/२, १/२, १/२ वर आणि ऑक्सिजनचा यू ०.२५ च्या किंचित पुढे. पहिल्यात ए शून्यावर आणि बी ५/८ वर. जुन्या निबंधांत ऑक्सिजनचा यू ०.३७५ च्या आसपास दिलेला आढळतो, तो वेगळ्या ओरिजिनचा. एका संदर्भातले आकडे दुसऱ्यात मिसळले की पीक जागेवर येतात पण उंच्या साफ बिघडतात. दुसरा खड्डा ऑक्युपन्सीचा (जागा किती भरली आहे त्याचा). फुलप्रॉफला १ हा आकडा नको असतो. त्याला जागेची मल्टिप्लिसिटी (सेलमध्ये तशा जागा किती) भागिले सर्वसाधारण मल्टिप्लिसिटी हवी, आणि एफडी-३एममध्ये ती १९२ आहे. म्हणून ए जागेला ०.०४१६७, बी जागेला ०.०८३३३, ऑक्सिजनला ०.१६६६७. हेमाटाइटमध्ये सर्वसाधारण ३६, म्हणून लोखंड ०.३३३३ आणि ऑक्सिजन ०.५. ऑक्सिजनच्या एक्स, वाय, झेडला एकच कोड (रिफाइन करण्याचा क्रमांक) द्या, नाहीतर तिन्ही वेगळे हलतात आणि सिमेट्री मोडते. क्यूबिक सेलच्या ए, बी, सीलाही तसेच.

क्रिस्टलाइट साइजसाठी लॅन्थेनम हेक्झाबोराइड किंवा सिलिकॉनचे स्टँडर्ड त्याच मशीनवर, त्याच स्लिटने मोजलेले हवे. त्यावरून आयआरएफ फाईल (मशीनच्या स्वतःच्या रुंदीची नोंद) बनते, प्रोफाइल क्रमांक ७ निवडायचा आणि साइज व स्ट्रेन वेगवेगळे मिळतात. स्टँडर्ड न वापरता काढलेल्या साइजमध्ये मशीनची रुंदी मिसळलेली असते. १० नॅनोमीटरच्या सॅम्पलला त्याने फार बिघडत नाही, पण ८०० अंशांवर अनील केलेल्याला बिघडते.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथे अनेकांना राग येईल. कोबाल्ट आणि निकेल फेराइटचे कॅटायन डिस्ट्रिब्युशन (कुठला धातू ए जागेवर किती, बी जागेवर किती) लॅबच्या कॉपर एक्सआरडीवरून काढू नये. क्ष-किरण इलेक्ट्रॉन मोजतात. लोखंडाचे २६, कोबाल्टचे २७, निकेलचे २८. २६ आणि २७ मधला फरक आपल्या डेटाच्या गोंगाटात बुडून जातो. फुलप्रॉफ आकडा देईल, सोबत चूकही देईल, आणि ती चूक वाचली तर लक्षात येईल की आकड्याला अर्थ नाही. न्यूट्रॉनला मात्र ही दोन मूलद्रव्ये अगदी वेगळी दिसतात: कोबाल्टची स्कॅटरिंग लेंग्थ २.४९ फेम्टोमीटर, लोखंडाची ९.४५. ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरवर यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत विद्यापीठांतल्या संशोधकांना मोजमापाची वाट आहे. मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीही चालते. तोवर कोबाल्ट फेराइटला उलटे स्पिनेल (सगळा कोबाल्ट बी जागेवर) मानून ऑक्युपन्सी बंद ठेवावी आणि निबंधात तसे स्पष्ट लिहावे. मॅग्नेशियम फेराइटची गोष्ट वेगळी. तिथे १२ विरुद्ध २६ असल्याने लॅबचा चांगला डेटाही पुरतो. त्यासाठी ए जागेवरचा मॅग्नेशियम आणि बी जागेवरचे लोखंड यांना एक कोड, उरलेल्या दोघांना तोच कोड ऋण चिन्हाने, म्हणजे रसायन कायम राहते.

बी-आयसो ऋण आला की घाबरून तो शून्य करून पुढे जाऊ नका. खडबडीत पृष्ठभागामुळे कमी कोनांवरची तीव्रता घटते आणि तो ऋण होतो. चुकीच्या बॅकग्राउंडनेही होतो. भुकटी अॅगेटच्या खलात बारीक करून पुन्हा मोजणे हाच उपाय. ऑक्साइडला ०.३ ते १ हे पटण्यासारखे.

काय-स्क्वेअरच्या (फिट किती जुळला हे सांगणाऱ्या आकड्याच्या) मागे लागू नका. तो आर-डब्ल्यूपी (फिटमधला प्रत्यक्ष फरक) भागिले आर-एक्सपी (काउंटवरून अपेक्षित फरक) याचा वर्ग आहे. काउंट कमी असले की आर-एक्सपी मोठा, मग काय-स्क्वेअर १.१ येतो आणि निबंधात ‘उत्तम फिट’ लिहिले जाते. चांगल्या, भरपूर काउंटच्या डेटावर तोच ३ येईल आणि तो फिट जास्त विश्वासाचा असेल. फुलप्रॉफ बॅकग्राउंड वजा केलेला आणि न केलेला असे दोन्ही आर देतो. फेराइटचे बॅकग्राउंड उंच असल्याने न वजा केलेला फार छोटा दिसतो. कुठला दिला ते लिहा, आणि फरकाच्या रेषेकडे डोळ्यांनी पाहा.

रसायनशास्त्राच्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण आपल्याकडे फेराइट आता त्यांच्याही फ्लास्कमध्ये गेले आहे. औषधांचे ॲनालॉग (त्यांच्यासारख्या रचनेचे रेणू) बनवताना नॅनो फेराइट उत्प्रेरक म्हणून घ्यायचे आणि शेवटी चुंबकाने ओढून काढायचे, हे काम इथे बरेच चालते. मोनॅस्ट्रॉल या रेणूच्या धर्तीचे डायहायड्रोपिरिमिडिनथायोन घ्या: ॲल्डिहाइड १ मिलिमोल, इथाइल ॲसिटोॲसिटेट १ मिलिमोल, थायोयुरिया १.२ ते १.५ मिलिमोल, ५ मिलीलिटर इथेनॉलमध्ये रिफ्लक्स, टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) लक्ष. ही बिजिनेली अभिक्रिया. उत्प्रेरक परत मिळाला, एक्सआरडी तोच आला, म्हणून ‘स्थिर आहे’ असे लिहिले जाते. फुलप्रॉफने तपासले तर यापेक्षा जास्त कळते: लॅटिस पॅरामीटर हलला का, हेमाटाइट वाढले का, किती टक्के. पण विरघळून गेलेला कोबाल्ट एक्सआरडीत दिसत नाही. उरलेले तेवढेच दिसते. त्यासाठी अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम द्रावणातून उत्प्रेरक चुंबकाने काढून घ्या आणि बाकीचे चालू ठेवा. उत्पादन वाढतच राहिले तर धातू द्रावणात उतरला आहे. फिल्ट्रेटमधला धातू एएएस किंवा आयसीपीने मोजूनही घ्या. उत्प्रेरकाविना एक कोरी अभिक्रिया तर हवीच.

परत मिळालेली भुकटी ४०-५० मिलिग्रॅमच असते. ती इथेनॉल आणि ॲसिटोनने धुऊन १०० अंशांवर वाळवा, नाहीतर चिकटलेले सेंद्रिय पदार्थ कमी कोनांवर फुगवटा देतात. साध्या होल्डरमध्ये एवढी भुकटी पुरत नाही, शून्य-बॅकग्राउंडचा सिलिकॉन होल्डर मागा. पातळ थरात जास्त कोनांवर किरण आरपार जातात, तीव्रता घटते आणि बी-आयसो खोटाच वाढतो. अशा डेटावर तो आधीच्या सॅम्पलच्या किमतीवर बांधून ठेवा.

ॲनालॉगच्या स्वतःच्या रचनेसाठी मात्र फुलप्रॉफ निवडू नका. तीसचाळीस अणूंचा मोनोक्लिनिक रेणू, भुकटीत सुयांसारखे कण, त्यामुळे प्रिफर्ड ओरिएंटेशन (कण एकाच दिशेने पडणे); नवशिक्याने त्यात महिने घालवू नयेत. इथाइल ॲसिटेट-हेक्झेनमध्ये हळू बाष्पीभवनाने ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा स्फटिक वाढवा, सिंगल क्रिस्टलला द्या आणि शेल्क्स व ओलेक्स-२ ही सॉफ्टवेअर वापरा.

जीएसएएस-२ शी तुलना करायलाच हवी. अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेचे टोबी आणि व्हॉन ड्रील यांचे हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. ते सिमेट्रीचे बंध स्वतः लावते आणि ऑक्युपन्सी सरळ ० ते १ मध्ये घेते, त्यामुळे वर सांगितलेला ऑक्युपन्सीचा खड्डा आणि एकच कोड देण्याची कटकट तिथे जवळजवळ नाहीच. एकट्याने, कोणी शिकवणारे नसताना सुरुवात करणाऱ्याला मी जीएसएएस-२ सुचवेन. फुलप्रॉफची बाजू चुंबकीय रचना आणि न्यूट्रॉन डेटामध्ये भक्कम आहे, आणि फेराइटवाल्याला पुढे कधीतरी तिथे जायचेच असते. शिवाय आपल्या विद्यापीठांतल्या सीनियर मंडळींना हेच येते, पीसीआर फाईल दाखवली की चूक लगेच सापडते. मशीनसोबत येणारी पैशाची सॉफ्टवेअर सोपी आहेत, पण ती मशीनच्या खोलीतच राहतात.

सिंगल क्रिस्टलवाल्यांना फुलप्रॉफचा एक उपयोग मात्र नक्की आहे. रचना बहुधा १०० केल्विनला मोजलेली असते. मर्क्युरी या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत तिच्यावरून पावडर पॅटर्न काढला आणि खोलीच्या तापमानाला मोजलेल्या भुकटीशी ताडला तर पीक जुळत नाहीत. थंडीत सेलचे आकारमान दोन-तीन टक्क्यांनी आकसलेले असते, त्यामुळे २० अंशांच्या आसपास ०.२ अंशांपर्यंत फरक पडतो. पॉलिमॉर्फ (त्याच रेणूचा स्फटिक-फॉर्म) बदलला असे समजून लोक पुन्हा संश्लेषणाला बसतात. त्याआधी सीआयएफमधला सेल सुरुवातीला धरून ले-बेल फिट करा. सेल किंचित फुगून सगळी पीक बसली, एकही उरले नाही, तर बॅचमधली भुकटी आणि तो एक स्फटिक एकाच फॉर्मचे आहेत. उरलीच, तर ती पीक दुसऱ्या फॉर्मची किंवा न संपलेल्या थायोयुरियाची, हे टीएलसी आणि मेल्टिंग पॉइंटवर ताडून पाहा.